नाकाखालून गेलेला जवळा

खोपोलीच्या शिळफाट्याला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे आणि त्याला चिकटून तय्यबाभाभीचं सुक्या मासळीचं. मधे एका विटेची भिंत. मी गाळा बघायला आले तेव्हा ईद होती, शेजारचं शटर बंद होतं, आणि गाळ्याचा मालक एवढंच म्हणाला की शेजार चांगला आहे. ते काही खोटं नव्हतं. पण माझं माहेर माळकरी आणि सासर त्याहून माळकरी. पहिल्या सकाळी शटर उघडल्यावर जो वास पलीकडून आला, त्यानं माझा चहासुद्धा बाटला.

पहिली दोन वर्षं आम्ही मनसोक्त भांडलो. माझी गिऱ्हाइकं ब्लाऊज घालून बघताना नाकाला पदर लावत, आणि नाकाला पदर लावून उभ्या राहिलेल्या बाईच्या खांद्याचं माप कधी बरोबर येत नाही. मी सूड म्हणून उदबत्तीचा पुडा एका दिवसात जाळायची. मग ती भिंतीपलीकडून ओरडायची, "हर्षला, तुझ्या उदबत्तीनं माझ्या करंदीचा वास बिघडतोय गं." करंदीचा वास बिघडतो म्हणजे काय, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. पुढे भांडून भांडून मैत्री झाली. आता तिच्याकडे काही शिजलं की माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात वेगळा भात येतो, आणि तिच्या घरातलं सगळं शिवणकाम माझ्याकडे असतं.

भाभी मूळची श्रीवर्धनकडची, अंगणात जाळी आणि मासळी वाळत घालणाऱ्या घरातली. लग्न होऊन खालापुरात आली तेव्हा समुद्र मागे राहिला म्हणून महिनाभर रडली, असं ती स्वतःच हसत सांगते. मग सासूबरोबर दुकानात बसायला लागली आणि रडं थांबलं, कारण सगळा किनाराच तिथे पोत्यांत भरून ठेवलेला होता. हे मी उगाच म्हणत नाही. तिच्या दुकानाची मांडणी मला आधी गबाळी वाटायची. नंतर कळलं की दाराशी उभं राहिलं की डाव्या हाताला गुजरातकडचा माल, मग डहाणू-पालघर, पुढे उरण-करंजा, अलिबाग, मुरूड, आणि उजव्या कोपऱ्यात रत्नागिरी. मुंबईच्या जागी भाभीची खुर्ची.

मला वाटायचं कोळंबी म्हणजे कोळंबी, मोठी नाहीतर छोटी. एकदा तसं बोलून गेले. ती म्हणाली, "आणि साडी म्हणजे कापड, लांब नायतर आखूड?" त्या दिवसापासून माझी रीतसर शाळा सुरू झाली. जवळा अगदी लहान, डोळा म्हणजे टाचणीचं टोक. तो थव्यानं पाण्यात तरंगतो आणि त्याला गाळ लागतो. खाड्यांचं गढूळ पाणी समुद्राला मिळतं तिथे उदंड. म्हणून दुकानाची डावी बाजू जवळ्यानं भरलेली. खाली दक्षिणेला कातळ लागतो, तिकडे त्याचं मन रमत नाही, असं ती एखाद्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलायची. करंदी जवळ्याहून मोठी, डोक्याला लांब टोक, नीट निवडली नाही तर टाळूला टोचणारी. अंबाड तिची चुलत बहीण. सोडे म्हणजे सोललेली मोठी कोळंबी, जावई आला की काढायची. आणि रत्नागिरीच्या कोपऱ्यात कोलीम, धुळीइतका बारीक.

"एका पोत्यात नावाला जवळा," ती म्हणायची. "आत बघ, करंदीची पिल्लं हायत, अंबाड हाय, एखादा चुकलेला खेकडा हाय. आपल्या चाळीसारखं. पाटी एकाची, राहतात सगळे." सासूच्या वेळी ज्या बंदरांतून पोती यायची तिथून हल्ली टोपल्या येतात आणि गुजरातचा कोपरा दरवर्षी पुढे सरकतो, असंही ती सांगते. त्यामुळे मुंबईच्या जागची तिची खुर्ची सरकत सरकत आता जवळजवळ अलिबागेत आली आहे.

या दुकानाचा खरा हंगाम मे महिन्यात. इकडे त्याला आगोट म्हणतात, म्हणजे पावसाळ्याची भरणी. पावसात होड्या बंद आणि डोंगराखालच्या वाड्यांचे रस्ते चिखलात, म्हणून चार महिन्यांचं सुकं आधीच घरात पडलं पाहिजे. ठाकर-कातकरी बाया घोळक्यानं येतात. भाभीच्या सासूनं एक रीत घालून दिलेली: आपल्या नाकाखालून गेल्याशिवाय एकही मूठ गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडायची नाही. मूठ उचलायची, नाकाशी न्यायची, मगच पिशवीत. मधेच एखादी मूठ भाभी तोंड वाकडं करून बाजूच्या डब्यात फेकायची. गिऱ्हाईक समोर बसून नुसतं बघायचं. वास घेणं हे दुकानदारिणीचं काम. त्या भरवशावर खैरवाडीची चिंधीबाय अख्ख्या वाडीची आगोट एकटी येऊन न्यायची.

गेल्या थंडीत भाभी आठवडाभर तापानं पडून होती. बरी होऊन दुकानात यायला लागल्यावर एका दुपारी मी तिला माझ्या दुकानात बसवून बटणं आणायला गेले. परत आले तर दुकानात धूर, इस्त्रीखाली सुनंदाबाई नावाच्या गिऱ्हाइकाचा काठाचा ब्लाऊज जळतोय, आणि भाभी हाताच्या अंतरावर बसून मोबाईलवर भाचीच्या लग्नाचे फोटो बघतेय. मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. ती उठली, जळकी बाही उचलून नाकाशी नेली आणि उभ्या उभ्याच रडायला लागली.

"मला वास येत नाय गं, हर्षला. तापापासनं. कसलाच नाय."

माझा राग जागच्या जागी बसला. डॉक्टरला दाखवून झालं होतं. तो म्हणाला होता, येईल, कदाचित येणारही नाही, वाट बघा. तिनं घरी सांगितलं नव्हतं. तिचा नवरा अबूबकरभाई शिळफाटा ते खालापूर टमटम चालवतो. माणूस सरळ, पण गेल्या वर्षापासून त्याचं एकच पालुपद होतं की आता वय झालं, दुकान बंद कर, गाळा मोबाईलवाल्याला देऊ. त्याला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी शटरवर पाटी लागली असती. पण तिला खरी भीती वाड्यांची होती. "पावसात रस्ता तुटतो," ती म्हणाली. "घरात जे असेल तेच पोरं खातात. माझा माल खराब निघाला तर त्या बायांनी जायचं कुठं?"

थंडीत विकायचा माल तापाच्या आधीच पारखून घेतलेला होता, त्यामुळे ते दिवस निभावले. बाजाराला येणाऱ्या चिंधीबायसारख्या गिऱ्हाइकापुढे ती पूर्वीसारखीच मूठ नाकाशी न्यायची. दुकान रिकामं झालं की मला म्हणायची, "एकेका मुठीला खोटं बोलते मी. सासू वरून बघत असेल." मला ते ऐकवत नसे. पण आगोटीचा नवा माल यायचा होता, आणि एप्रिल संपता संपता तिनं माझं नाक मागितलं.

"माझं? अगं, मी माळकरी बाई."

"तुझ्याएवढा माझ्या मालाचा वास दुसऱ्या कुणी घेतलाय? इतकी वर्षं शिव्या घालत घेतेस."

मी नाकाला पदर लावला आणि हो म्हणाले.

किनाऱ्यावरून माल आणणारा कमलेश मेच्या सुरुवातीला टेंपो घेऊन आला. जवळ्याचे तीन नमुने त्यानं कागदावर काढून ठेवले, तीन बंदरांचे. डोळ्याला तिन्ही सारखे, स्वच्छ, गुलाबी. भाभीनं तिन्ही मुठीत दाबून पाहिले, कानाशी खुळखुळवले, आणि मग "चहा सांगते" म्हणून तिन्ही कागद घेऊन माझ्याकडे आली. कपडे बदलायच्या पडद्याआड उभं राहून मी ते हुंगले. पहिल्यानं डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्यानं पोटातलं वर आलं. मधला त्या मानानं बरा होता.

"मधला," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. बाकीच्यांचं नावच काढू नको."

तिनं माझे गाल धरले, तिच्या हाताला अजून तो वास असूनही मी ते धरू दिले. मधल्या कागदाची पोती उतरली. पुढच्या बाजाराला चिंधीबाय आली, भाभीनं मूठ मूठ नाकाशी नेत खैरवाडीची आगोट भरून दिली आणि चिंधीबाय बाजारात भेटलेल्या वाडीतल्या दोघींबरोबर पोतं उचलून गेली. भाभी त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली, असं तिनं मला सांगितलं. मलाही बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी जवळ्याच्या बाबतीत उपयोगी पडले होते.

त्यानंतर चार-पाच दिवस गेले असतील. दुपारी मी तिच्याकडे पाय पसरून बसले होते. ती दुसरं पोतं उघडत होती. मी सहज म्हणाले, "हा जवळा आपल्याला आवडला बाई. शेजारी बसलं तरी काही त्रास नाही. वासच नाही ना फारसा, म्हणून तर निवडला."

तिचा हात पोत्याच्या तोंडाशी थांबला. "म्हणून म्हणजे?"

"तिघांत कमी वास याचाच होता."

भाभीनं डोक्याला हात लावला. मग तिनं माझं मनगट धरून हात कोपरापर्यंत पोत्यात घातला. "वरचा नको. पोटातला काढ. आता हुंग आणि कसा वास येतो तो सांग. चांगला-वाईट सांगू नको, कसा ते सांग."

मी हुंगला. वास मासळीचा नव्हताच. न वाळलेलं अस्तर कपाटात घडी करून ठेवलं आणि महिन्यानं उघडलं की येतो, तसा होता. आंबूस. मी तसं सांगितलं आणि ती खाली पोत्यावरच बसली.

"वास न येणारा जवळा म्हणजे न रडणारं बाळ गं. वाळत घातलेला असताना पाऊस पडून गेलाय ह्याच्यावर. मग धुऊन परत वाळवलाय. वास धुतला, ओल आत राहिली."

मेच्या आधी किनाऱ्यावर अवकाळी सरी येऊन गेल्या होत्या, हे मीच तिला वर्तमानपत्रात वाचून दाखवलं होतं. माळकरी बाईला जवळा निवडायला लावला की ती कमी घाण वाटतो तो निवडणार, हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. ती विचारत होती चांगला कोणता, मी सांगत होते सोसवतो कोणता. आणि तो जवळा आता खैरवाडीत घराघरांत जाऊन पडला होता.

भाभीनं नवऱ्याला फोन लावला. टमटम आली, तिनं आधीच्या हंगामातला खात्रीचा जवळा होता तेवढा गाडीत चढवला, मी मशीनवर कापड तसंच टाकून शटर ओढलं. वाटेत तिनं अबूबकरभाईला सगळं सांगून टाकलं. नाकाचं, तापाचं, माझं. मला वाटलं आता गाळा मोबाईलवाल्याला गेला. त्यानं समोरचा खड्डा चुकवला.

"थंडीपासनं माझ्या बिडीवरनं एक शब्द बोलली नाय," तो म्हणाला. "मला वाटलं, वयानं समजूतदार झाली." मग म्हणाला, "मला सांगायचं तरी."

"तू दुकान बंद केलं असतंस."

"केलं असतं," तो म्हणाला आणि गिअर बदलला.

एक्स्प्रेस वेच्या खालून आत वळलं की खैरवाडीचा कच्चा रस्ता. वाडी येईपर्यंत भाभी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती, दुआ असणार. मी माझ्या विठोबाला सांगत होते की चूक माझी आहे, शिक्षा दुसरीकडे नको. एखादं पोर तापलेलं, ओकणारं दिसणार, अशी तयारी करूनच आम्ही उतरलो. पोरं दिसली ती झाडाला लटकलेली. चिंधीबाय कुडाच्या सावलीत चिंचा फोडत बसली होती.

"भाबी? तू हिथं कशी?"

भाभी बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "चिंधीबाय, गेल्या बाजाराचा जवळा खाल्ला का कुणी? खराब हाय तो. परत दे. दुसरा आणलाय." आणि मग एका दमात, थांबली असती तर पुन्हा जमलं नसतं म्हणून, "मला वास येत नाय. थंडीपासनं. मी मूठ नाकाला लावते ते नुसतं दाखवायला. तुमाला फसवलं मी."

चिंधीबायनं चिंच फोडली, चिंचोका बाजूला टाकला, हात लुगड्याला पुसले.

"ठावं हाय," ती म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"तुला वास येत नाय ते. मूठ नाकाशी नेतीस, पन छाती हालत नाय तुझी. श्वास कुठं घेतीस? आन् थंडीपासनं येक मूठ डब्यात फेकली नाय. पयले तोंड वाकडं करून फेकायचीस."

भाभी एक पाऊल पुढे आली. "मग माल कशाला नेलास?"

"नेला तर काय झालं? घरी आनून हुंगला. ओल लागलीवती. म्हनून कातळावर पसरला, उनात खडखडीत केला, तव्यात भाजला. तरी सुधरला नाय तो कोंबड्यांना घातला. कोंबड्या बघ कशा झाल्यात." कोंबड्या खरंच गुबगुबीत होत्या. "आमी दर साली हुंगतोच की. तुझ्या सासूचा मालबी हुंगायचो."

"सासूचा पण?"

"मंग? ती काय देव व्हती?"

माझा जीव भांड्यात पडला तो असा, की मी तिथेच धुळीत बसकण मारली. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. इथे देवानं ते काम चिंधीबायवर सोपवलेलं दिसत होतं. पण भाभीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. सबंध वाडीची पोरं आपल्या एका नाकावर जगतात असं मानून ती इतकी वर्षं मूठ उचलत आली होती, आणि तिच्या मुठीमागे प्रत्येक चुलीपाशी आणखी एक नाक बसलेलं होतं. आधी तिला राग आला, ते दिसलं मला. मग ती हसली, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

"मला सांगायचं नाय का, चिंधीबाय?"

"सांगनार व्हते. पन बाजारात, चार मानसांत तुझ्या तोंडावर सांगू? म्हनलं पुढल्या बाजाराला तू येकटी असशील तवा सांगीन." तिनं सरकून चटईवर जागा केली. "बस आता. किती दिस झालं हे वझं घेऊन हिंडतीस?"

भाभी बसली. आम्ही कोरा चहा प्यायलो, अबूबकरभाईनं कोंबड्यांचं कौतुक केलं, आणि खात्रीचा जवळा उतरवताना चिंधीबायनं प्रत्येक पिशवी उघडून, आमच्या समोर, खुशाल हुंगून घेतली. परत येताना भाभी टमटमच्या दांड्याला डोकं टेकून चक्क घोरत होती. घरापर्यंत कुणी तिला उठवलं नाही.

उरलेली पोती कमलेशनं कुरकुरत परत नेली. त्याच्या दुसऱ्या खेपेला माझ्या डोळ्यांत पाणी आणणारा जवळा आम्ही घेतला. दुकान बंद झालं नाही. उलट अबूबकरभाई हल्ली टमटम उभी करून मधेमधे येतो, पोत्यात हात घालून हुंगतो आणि कुणी न विचारता मत देतो. त्याच्या बिडीमुळे ते मत फारसं धरायचं नसतं.

भाभीचा वास अजून आलेला नाही. डॉक्टर अजून वाट बघा म्हणतो. पण सासूची रीत तिनं बदलली. आता ती मूठ उचलते आणि स्वतःच्या नाकाशी नेत नाही, गिऱ्हाइकाच्या नाकाशी धरते. नव्या बाया दचकतात. काही जणी हसतात. तिला नुसतं चांगलं-वाईट ऐकायचं नसतं. कसा येतो ते नीट सांग म्हणते, आणि सांगेपर्यंत मूठ पिशवीत पडत नाही.

परवा चिंधीबाय आली होती. तिनं भाभीचं मनगट धरून मूठ जवळ घेतली, डोळे बारीक केले आणि चांगला दोनदा श्वास ओढला. चिंधीबायनं समुद्र कधी पाहिलेला नाही. खोपोलीच्या पलीकडे ती गेलीच नाही.

"उनाचा हाय," ती म्हणाली. "मिठाचा हाय. दुपारी जाळं वाळत घालतात तसा. आन् वल्या दोराचा, जरासा. घाण नाय. येकदम मोकळा."

भाभी डोळे मिटून ऐकत होती. "अजून सांग," ती म्हणाली.

"अजून काय? भूक लागंल आसा हाय."

"आमच्या अंगणातला हाय हा," भाभी म्हणाली. तिनं डोळे उघडले आणि मूठ पिशवीत सोडली.